कॅथेटर अनवधानाने निघणे

अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या शरीरात घातलेली नळी डॉक्टरांनी न ठरवता बाहेर येणे. कधी रुग्णच ती ओढतो, कधी कूस बदलताना किंवा स्ट्रेचरवर घेताना ती अडकून निघते.

बंगळूरजवळ होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा येथे डॉ. देवी शेट्टी यांनी २००० मध्ये नारायणा हृदयालय सुरू केले. अशा हृदय रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येणाऱ्या माणसाच्या घशात श्वासाची नळी, मानेत सेंट्रल लाइन, मनगटातील धमनीत बारीक नळी, छातीत निचऱ्याची नळी आणि लघवीचा कॅथेटर असतो. अर्धवट गुंगीत त्याचा हात तिकडे जाणारच.

लघवीच्या १६ क्रमांकाच्या फोली कॅथेटरची जाडी जेमतेम ५.३ मिमी, पण टोकाचा फुगा १० मिली पाण्याने फुगवला की सुपारीएवढा होतो. तो तसाच ओढला गेला तर मूत्रमार्गाला इजा होऊन रक्त येते. सेंट्रल लाइन निघाल्यास छिद्रातून शिरेत हवा शिरू शकते, शिवाय तिच्यातून चालू असलेले रक्तदाबाचे औषधही थांबते.

मुख्य कारण डिलिरियम, म्हणजे आजारपणातला तीव्र भ्रम. घरचे म्हणतात, ‘वात झालाय’. रुग्ण हट्टी नसतो, तो भ्यालेला असतो. व्हेंटिलेटरवरच्या, बोलू न शकणाऱ्या रुग्णातही भ्रम ओळखता यावा म्हणून २००१ मध्ये एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली, ती जगभर वापरली जाते. हात बांधणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय आहे. त्याने तगमग वाढते आणि बांधलेले रुग्णही नळ्या उपसतात.

खरा प्रतिबंध साधा आहे. ‘ही नळी आज हवीच का?’ हे रोज विचारावे. नको असलेली त्याच दिवशी काढावी. लघवीची नळी थोडी सैल ठेवून मांडीला चिकटवावी. कूस बदलताना एकाने फक्त नळ्या सांभाळाव्यात. वेदना, तहान, बद्धकोष्ठ यांकडे पाहावे. चष्मा व श्रवणयंत्र परत द्यावे. रात्री दिवे मंद करावेत. बेळगाव-कोल्हापूरकडून बंगळूरला इतक्या दूर आलेल्या रुग्णाच्या कानी आपली भाषा पडत नसेल, तर भेटीच्या वेळी मुलीने मराठीत सांगितलेले ‘बाबा, ऑपरेशन झालंय, मी इथेच आहे’ हे शब्दही उपचारच असतात. नारायणा समूहाच्या रुग्णालयांत नूरा हेल्थ ही संस्था नातेवाइकांना घरच्या शुश्रूषेचे शिक्षण देत आली आहे. तसे शिक्षण अतिदक्षता विभागाच्या दारातही मिळायला हवे.

नळी निघालीच तर नातेवाइकांनी ती पुन्हा आत ढकलू नये. मानेतली नळी निघाली असेल तर रुग्णाला सपाट झोपू द्यावे, मानेतली किंवा मनगटातली नळी निघाली असेल तर ती जागा घट्ट दाबून धरावी आणि लगेच सिस्टरला हाक मारावी.