आत न्यायचं पुस्तक

छ्यान वेइयान हा अकराव्या शतकातला बडा चिनी अंमलदार. वू-युए नावाच्या लहानशा राज्याच्या राजघराण्यातला, त्यामुळे पैसा, मानमरातब, नोकरचाकर कशालाच तोटा नव्हता. पण आपल्याला नाद एकच, वाचनाचा, असं तो हाताखालच्या मंडळींना सांगायचा. बसलेला असला की जुने मान्य ग्रंथ आणि इतिहास, आडवा झाला की किस्सेकहाण्या आणि शौचाला गेला की छोटी गीतं, अशी त्याची वाटणी ठरलेली होती. ही हकीकत टिकली ती ओउयांग श्यूमुळे. हा तरुणपणी लुओयांगला छ्यानच्या हाताखाली होता, पुढे स्वतः मोठा मुत्सद्दी आणि लेखक झाला, आणि उतारवयात त्याने दरबारी आठवणींचं एक टिपण लिहिलं. त्यातच सुंग शौ नावाच्या आणखी एका विद्वानाची गोष्ट येते. हे गृहस्थ इतिहासाच्या कचेरीत असताना संडासला निघाले की पुस्तक काखोटीला मारूनच निघायचे, आणि आत बसून इतक्या खड्या आवाजात वाचायचे की लांबपर्यंत ऐकू जायचं. ओउयांगला त्यात विद्येची तळमळ दिसली. शेजारच्या कारकुनांना काय वाटत होतं ते त्याने लिहिलेलं नाही. वर स्वतःबद्दल तो सांगतो की, आपलं बरंचसं लेखन तीनच ठिकाणी सुचलं: घोड्यावर, उशीवर आणि तिथे.

यातला सुंग शौ गमतीचा आहे, पण आत वाचणाऱ्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणायचा तो छ्यान. कारण त्याने नुसतं आत वाचलं नाही, आत काय वाचायचं याचं वेगळं खातं उघडलं. ती छोटी गीतं म्हणजे तेव्हा मेजवान्यांत गायल्या जाणाऱ्या चिजा. प्रतिष्ठित काव्यात त्यांची गणना होत नसे. लांबीला थोडी आणि मानाने हलकी, अशा दोन अटी त्यात आपोआप आल्या. पुढची हजार वर्षं आत जाणारं जवळजवळ सगळं वाचन या दोन अटींत बसतं.

घराण्याची दुसरी शाखा पुसायच्या कागदाची. ती याहून जुनी आहे आणि तिचा वाचनाशी संबंध फार वेगळ्या कारणाने आला. सहाव्या शतकात यान झितुई नावाच्या चिनी पंडिताने आपल्या मुलाबाळांसाठी उपदेशाचा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की, ज्या कागदावर पाच अभिजात ग्रंथांतली वचनं किंवा सत्पुरुषांची नावं आहेत, तो कागद आपण त्या कामाला वापरायला धजत नाही. म्हणजे बाकीचा लिहिलेला कागद त्या कामाला सर्रास जात होता. चुकून पुस्तकाला पाय लागला की हात लावून डोळ्याला नेणाऱ्या आपल्या लोकांना यानची अडचण लगेच कळेल.

युरोपात ही अडचण फारशी कुणाला भेडसावली नाही. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ मोडीत काढले आणि त्यांचे ग्रंथसंग्रह मिळेल त्या भावाने विकले गेले. जॉन बेल या पाद्र्याला मठ मोडल्याचं दुःख नव्हतं, तो धर्मसुधारणावाद्यांच्याच बाजूचा. तरीही १५४९ मध्ये त्याने जळून लिहिलं की, लोकांनी ती पुस्तकं विकत घेऊन कुणी मेणबत्तीची शमादानं घासली, कुणी बूट पुसले आणि कुणी ती संडासात ठेवली. ठेवली ती वाचायला नव्हे, हे सांगायला नको. पण लिहिलेलं पान, एकटा माणूस आणि पाच-दहा मिनिटांची फुरसत ही तिन्ही एका खोलीत आली. रोमन लोकांच्या सार्वजनिक संडासांत दगडी बाकावर ओळीने भोकं असायची, शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लागायचा. तिथे गप्पा होत असतील, वाचनाला लागणारा एकांत नव्हता.

वाचण्यासाठीच मुद्दाम टांगलेलं पुस्तक दिसतं ते त्याच शतकाच्या शेवटी. सर जॉन हॅरिंग्टन हा एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र. त्याने पाण्याने धुऊन जाणारा संडास बनवला आणि १५९६ मध्ये त्यावर एक चावट, कोट्यांनी भरलेलं पुस्तक छापलं. यंत्राची कृती खरी, भाषा वात्रट. दरबारात बराच गहजब झाला. रिचमंडच्या राजवाड्यात तसा संडास बसवला गेला, आणि राणीच्या सख्यांना उद्देशून हॅरिंग्टनने लिहिलेल्या एका कवितेवरून दिसतं की, तिथे ते पुस्तक साखळीने अडकवलेलं होतं. मौल्यवान ग्रंथ चोरीला जाऊ नयेत म्हणून ग्रंथालयांत तेव्हा साखळ्या लावत. म्हणजे मान द्यायचा तर पुरता दिला. आणि संडासात ठेवलेलं पुस्तक संडासाबद्दलच असावं, हा योग तर कुणी जुळवूनही जुळला नसता.

या दोन्ही शाखांची सोयरीक जुळते ती १७४७ मध्ये, एका पत्रात. लॉर्ड चेस्टरफील्डचा औरस नसलेला मुलगा तेव्हा लाइपझिगला शिकत होता, आणि बाप त्याला लंडनहून पत्रामागून पत्र धाडत होता: कसं बोलावं, कसं उभं राहावं, वेळ कसा वापरावा. डिसेंबरच्या एका पत्रात त्याने आपल्या ओळखीच्या एका सद्गृहस्थाचा दाखला दिला. या गृहस्थाला वेळेची इतकी कदर, की निसर्गाच्या हाकेला जो थोडा वेळ द्यावा लागतो तोही त्याने वाया घालवला नाही. त्याने होरेसच्या कवितांची एक साधी, स्वस्तातली प्रत घेतली. रोज तिची दोनेक पानं फाडायची, बरोबर न्यायची, आधी वाचायची आणि मग गटाराच्या रोमन देवतेला, क्लोआसिनाला, अर्पण करायची. असं करत करत त्याने सगळे लॅटिन कवी संपवले.

या युक्तीत हिशेबीपणा ठासून भरलेला आहे. प्रत स्वस्तातलीच हवी, कारण ती उरणार नाही. पानं एक-दोनच हवीत, कारण वेळ तेवढाच आहे. आधी वाचायचं, मग वापरायचं. क्रम उलटा करून चालत नाही. आणि खूण घालायची गरज नाही, कारण जिथे पुस्तक सुरू होतं तिथेच आपण आलेले असतो. चेस्टरफील्ड मुलाला सांगतो की, तूही हे कर, फक्त पुस्तक निवडून घे. शास्त्राचे, सलग वाचायचे ग्रंथ तिथे नेऊ नयेत; लॅटिन कवी चालतील, पण व्हर्जिलचं महाकाव्य नको; कोश चालतील. छ्यान वेइयानचं नावही याच्या कानावर गेलेलं नसणार, तरी सात शतकांनी यादी तीच निघाली. ही पत्रं चेस्टरफील्डच्या मृत्यूनंतर, १७७४ मध्ये छापली गेली आणि सभ्य होऊ पाहणाऱ्या इंग्रज घरांत शिष्टाचाराची पोथी म्हणून वाचली गेली.

अमेरिकेत होरेस नव्हता, खिळा होता. घरामागच्या लाकडी खोपटात भिंतीला एक खिळा असे आणि त्यावर कागद लटकत असे. रॉबर्ट थॉमसने १७९२ मध्ये सुरू केलेल्या शेतकऱ्यांच्या पंचांगात सूर्योदय, चंद्राच्या कला, भरती-ओहोटी, हवामानाचे अंदाज आणि मधल्या मोकळ्या जागांत विनोद, नुस्खे, कोडी असं सगळं असायचं. लोक त्याच्या कोपऱ्याला भोक पाडून खिळ्याला अडकवतात हे पाहून पुढे प्रकाशकच भोक पाडून पंचांग विकू लागले. ते आजही निघतं आणि भोक आजही असतं. त्याच्या जोडीला आली सीअर्स रोबक कंपनीची मालाची यादी. १८८८ मध्ये ती फक्त घड्याळं आणि दागिन्यांची होती. १८९५ पर्यंत ५३२ पानांची झाली. त्यात शिवणयंत्रं, खोगिरं, बंदुका, कोट, सगळं चित्रांसह. नवी यादी घरात आली की जुनी खोपटात जायची. विकत घ्यायची ऐपत नसलेला माल वर्षभर निवांत पाहायची ती एकच जागा होती. विसाव्या शतकात यादी गुळगुळीत, चकचकीत कागदावर निघू लागली तेव्हा गावाकडची गिऱ्हाइकं कुरकुरली. कारण उघड आहे.

वाचायचा आणि पुसायचा कागद एकच, या व्यवस्थेवर पहिला घाव न्यूयॉर्कच्या जोसेफ गेयटीने घातला. १८५७ मध्ये त्याने खास त्या कामासाठी औषधी कोरा कागद विकायला काढला. छापील कागदावरची शाई नाजूक भागांना विषारी असते, अशी त्याची जाहिरात होती. गंमत म्हणजे त्याच्या प्रत्येक कागदात पाणचिन्ह असे, आणि ते त्याच्या स्वतःच्या नावाचं. वाचायला काहीतरी उरलंच. १८९१ मध्ये सेथ व्हीलरने छिद्रांच्या रेघेवर फाटणाऱ्या कागदाच्या गुंडाळीचं पेटंट घेतलं आणि कोरा कागद हळूहळू घरोघरी पोचला.

पण ते होण्याआधी जेम्स जॉइसने जुन्या व्यवस्थेचं चित्र काढून ठेवलं. त्याची ‘युलिसिस’ ही कादंबरी १९२२ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिची गोष्ट घडते १६ जून १९०४ रोजी, डब्लिनमध्ये. सकाळी लिओपोल्ड ब्लूम परसातल्या संडासात जातो तो ‘टिट-बिट्स’चा एक जुना अंक घेऊन. जॉर्ज न्यूंसने १८८१ मध्ये काढलेलं हे साप्ताहिक म्हणजे नावाप्रमाणेच चुटके, बातम्यांचे तुकडे आणि बक्षीसपात्र गोष्टींची भेळ. ब्लूम फिलिप ब्यूफॉय नावाच्या लेखकाची बक्षीसकथा वाचतो. पहिला रकाना स्वतःला आवरून धरत, दुसऱ्या रकान्यात थोडं सैल सोडत. गोष्टीची गती आणि पोटाची गती जॉइसने एकमेकींत गुंफली आहे. मध्येच ब्लूम हिशेब करतो की, रकान्याला एक गिनी या दराने या लेखकाला किती मिळाले असतील, आणि आपणही अशी एखादी गोष्ट लिहावी का. मग अर्धी गोष्ट फाडतो आणि वापरतो. एखाद्या लेखकाचा हेवा करून लगेच त्याच्याच पानाचा असा उपयोग करणं, ही समीक्षा मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही. हे प्रकरण १९१८ मध्ये आधी मासिकात यायचं होतं तेव्हा कवी एझरा पाउंडसारख्या धीट माणसानेही त्यातली ही जागा कापली होती.

अमेरिकन लेखक हेन्री मिलरला ‘युलिसिस’मधले काही उतारे तिथेच वाचावेत इतके रसाळ वाटत, असं त्याने १९३६ च्या पुस्तकात लिहिलं. १९५२ मध्ये वाचनाविषयीच्या पुस्तकात मात्र त्याने या सवयीवर एक अख्खं प्रकरण लिहून तिला झोडपलं: माणसाला दोन मिनिटं स्वतःबरोबर बसवत नाही म्हणून तो पुस्तक नेतो. वय वाढलं की मतं बदलतात.

कोरा कागद आल्यावर छापील पानाला आत जायचं सक्तीचं कारण उरलं नाही. तरी ते जात राहिलं, आणि आता टांगून नव्हे तर टाकीवर, खिडकीच्या कट्ट्यावर, टोपलीत रचून. १९८८ मध्ये अमेरिकेत ‘अंकल जॉन्स बाथरूम रीडर’ या नावाने थेट याच कामासाठी बांधलेलं पुस्तक निघालं. त्याच्या अनुक्रमणिकेत मजकूर विषयाबरोबरच लांबीनेही लावलेला असतो: छोटे, मध्यम, लांब. बसणाऱ्याने आपला अंदाज घेऊन पान उघडावं. प्रत्येक पानाच्या तळाला एका ओळीची एक माहिती असते, ती अगदीच घाईतल्यांसाठी. छ्यानचं खातं असं शेवटी छापखान्यात जाऊन पोचलं.

आपल्याकडे हे घराणं नांदलं नाही, आणि याला सगळ्यात मोठं कारण पाणी. परसाकडे टमरेल घेऊन जाणाऱ्या माणसाला कागद लागतच नव्हता, मग वाचायचा कागद तिथे पोचणार कसा? त्यात जानवं कानावर, तोंडाने मौन, बाहेर आल्यावर हातपाय धुणं. पुस्तक म्हणजे सरस्वती. ती या वाटेला न्यायची कल्पनाही कुणाच्या डोक्यात आली नसती. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, बाहेर डबे घेऊन रांग, आणि दोन मिनिटं जास्त झाली की दारावर थाप. पेपर वाचायचाच तर रांगेत वाचावा. फाटक्या पानावरची अर्धी गोष्ट वाचण्याची हौस आपण भागवली ती वाण्याच्या पुडीवर आणि भेळेच्या कागदावर. ब्लूमच्या ‘टिट-बिट्स’ची आपली आवृत्ती खाण्याच्या टोकाला होती एवढाच फरक.

आणि कालनिर्णय बघा. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी ते काढलं: पुढे तिथी-वार, मागच्या बाजूला लेख आणि पाककृती, वर अडकवायची सोय. अमेरिकेतल्या त्या पंचांगाचं हे सख्खं भावंड शोभेल, तसाच खिळा, तसाच फुटकळ मजकूर. पण एकादशी-चतुर्थी छापलेला कागद आपल्याकडे त्या खोलीत कोण टांगेल? तो स्वयंपाकघरातच लागला, आणि मागची पानं फोडणी तडतडेपर्यंत वाचून झाली.

त्यातल्या त्यात जवळचं उदाहरण गांधीजींचं, तेही न्हाणीतलं. जोहान्सबर्गला वकिली करताना गीता पाठ करायला वेळ मिळेना, म्हणून सकाळी दात घासण्याची पंधरा मिनिटं आणि आंघोळीची वीस मिनिटं त्यांनी कामी लावली. समोरच्या भिंतीवर चिठ्ठ्यांवर श्लोक लिहून चिकटवायचे आणि दात घासता घासता पाठ करायचे. तेरा अध्याय त्यांनी असे केले, असं आत्मकथेत आहे. चेस्टरफील्डच्या त्या सद्गृहस्थाने हे नक्की वाखाणलं असतं, फक्त चिठ्ठ्यांचं पुढे काय केलं असं विचारलं असतं.

मराठी घरात आत वाचणं खऱ्या अर्थाने रुळलं ते फ्लॅट आणि कमोड आल्यावर: सकाळचा पेपर घेऊन बाबा आत, आणि पुरवणीची वाट बघत बाकीचे बाहेर. मग मोबाइल आला आणि पेपर बाहेरच राहिला. इस्राएलमध्ये ४९९ प्रौढांना विचारून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्याहून जास्त जण तिथे वाचणारे निघाले. वाचणारे जास्त वेळ बसत, पण प्रकृतीवर फार मोठा परिणाम दिसला नाही. बॉस्टनच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये १२५ जणांची पाहणी छापली तेव्हा चित्र बदललेलं होतं. फोन नेणाऱ्यांपैकी ३७ टक्के लोक पाच मिनिटांहून जास्त वेळ बसत, न नेणाऱ्यांपैकी ७ टक्के. आणि फोनवाल्यांमध्ये मूळव्याधीची शक्यता ४६ टक्क्यांनी जास्त आढळली. होरेसची दोन पानं वाचून झाली की वाचायला आणखी काही नसायचं. फोनवर अंगठा वर सरकवला की पुढचं येतं, आणि त्याच फोनमध्ये पंचांग, गुरुचरित्र आणि देव्हाऱ्याचा फोटोही असतो. तो बाहेर ठेवून आत जाणारा माणूस माझ्या तरी माहितीत नाही.