पुणे सुटल्यावर राहावे कुठे? तीन पेशवे बंधू आणि उत्तरायुष्याचा मुक्काम

१/२०
३ जून १८१८. असिरगडाच्या परिसरात त्रेचाळीस वर्षांचा एक पुरुष सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. राज्य गेले होते, पुणे गेले होते. पुढचे आयुष्य कुठे काढायचे, एवढाच प्रश्न उरला होता. त्यानंतर दुसरा बाजीराव आणखी बत्तीस वर्षे जगला. उत्तरायुष्याची जागा कशी ठरते आणि तिची किंमत कोण मोजतो, हे सांगणारा हा धागा.

२/२०
ही गोष्ट एकट्या बाजीरावाची नाही. राघोबादादांचे तीन पुत्र होते: दत्तक अमृतराव, औरस बाजीराव आणि धाकटा चिमाजीअप्पा. १७९६ मध्ये चिमाजीअप्पा अल्पकाळ पेशवा झाला. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी अमृतरावाच्या मुलाला, विनायकरावाला, पुण्यात पुढे केले. गादी तिघांच्याही उंबरठ्यापर्यंत आली आणि अखेरीस तिघेही कंपनीचा तनखा घेऊन उत्तर हिंदुस्थानात स्थिरावले.

३/२०
निवृत्तीनंतर कोकणातले घर बरे की पुण्यातला फ्लॅट, ही चर्चा आपल्यापैकी अनेकांच्या घरी चालू असेल. तिच्या मुळाशी तीन गरजा असतात: हवा तेवढा एकांत, बोलायला आपली माणसे आणि हाताशी सोयी. या तिन्ही गोष्टी एका जागी क्वचितच मिळतात. तीन बंधूंनी हा मेळ तीन निरनिराळ्या प्रकारे घातला. म्हणून ते शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

४/२०
प्रथम हा प्रश्न की उत्तरेतच का? उतारवयात तीर्थक्षेत्री, त्यातही काशीत, देह ठेवावा ही धारणा जुनीच होती. कंपनीला माजी राज्यकर्ता दख्खनपासून दूर हवा होता. धर्मश्रद्धा आणि राजकारण यांची दिशा एकच निघाली. बाजीरावाशी झालेल्या करारात काशी किंवा हिंदुस्थानातील अन्य एखादे पवित्र क्षेत्र असा उल्लेख होता आणि एका दिवसाचाही विलंब न लावता दख्खन सोडण्याची अट होती.

५/२०
सर्वांत आधी बाहेर पडला तो अमृतराव. ऑगस्ट १८०३ मध्ये, इंग्रज-मराठे युद्धाला तोंड फुटत असताना, त्याने आर्थर वेलस्लीशी करार केला आणि सालिना सात लाख रुपयांचा तनखा पदरात पाडून घेतला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. अमृतरावाने पुण्याच्या राजकारणाकडे पाठ फिरवली ती राज्य बुडण्याच्या पंधरा वर्षे आधी.

६/२०
त्याने बुंदेलखंडात चित्रकूटजवळ कर्वी येथे बस्तान बसवले. रामाच्या वनवासाशी जोडलेले क्षेत्र, मंदाकिनीचे पाणी, मोठ्या छावणीची वर्दळ नाही आणि दरबारी कारस्थानेही नाहीत. एकांताच्या निकषावर कर्वी उजवी ठरते. विद्वान, धर्मकृत्ये आणि समाज यांसाठी त्याने काशीशी संबंध ठेवला. तेथील राजाघाट त्याच्या नावाशी जोडला जातो. राहणे आडगावी आणि संपर्क महाक्षेत्राशी, अशी ही रचना होती.

७/२०
धाकट्या चिमाजीअप्पाने १८१८ नंतर थेट काशीच गाठली. त्याचा तनखा सालिना दोन लाखांचा होता. काशीत मराठी माणसाला परकेपणा वाटण्याचे कारण नव्हते. पैठणहून गेलेल्या भट्ट घराण्याने सोळाव्या शतकातच तेथे विद्वत्तेचा दरारा निर्माण केला होता. विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभारले होते. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती.

८/२०
आपली माणसे हाच निकष धरला, तर काशीला तोड नव्हती. पुरोहित, शास्त्री, वैद्य, सावकार, हुंडी वटवणाऱ्या पेढ्या, सारे काही तयार होते. चिमाजीअप्पाच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांबे यांच्या घरी येथेच मनकर्णिका जन्मली. तीच पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली. एका निवृत्त पेशव्याच्या पत्त्यामुळे तिचे जन्मगाव ठरले.

९/२०
मग बाजीराव काशीत का राहिला नाही? येथे १४ जानेवारी १७९९ हा दिवस आठवावा. अवधचा पदच्युत नवाब वजीर अली तनखा घेऊन काशीत राहत होता. त्या दिवशी त्याने कंपनीचा अधिकारी चेरी याला ठार मारले आणि बंड पुकारले. अरुंद गल्ल्या आणि देशभरातून येणारे यात्रेकरू यांच्या गर्दीत माजी राज्यकर्त्यावर नजर ठेवणे किती अवघड, हे कंपनीने पाहिले होते.

१०/२०
शिवाय काशीत चिमाजीअप्पा होता, अमृतरावाचा तेथे राबता होता आणि बंधूंमधील जुने वैर विझलेले नव्हते. पाठीराखे एकवटतील अशी जागा कंपनीला नको होती. अखेर कानपूरजवळचे बिठूर निश्चित झाले आणि १८१९ च्या सुरुवातीपासून बाजीराव तेथे राहू लागला. मराठी कागदपत्रांत आणि बोलण्यात या गावाचे नाव ब्रह्मावर्त असेच येते.

११/२०
ब्रह्मावर्त हे क्षेत्र म्हणून कमी नव्हते. ब्रह्मदेवाने येथे यज्ञ केला अशी परंपरा आहे, वाल्मीकींचा आश्रम आणि लव-कुशांचे बालपण येथेच सांगितले जाते आणि गंगा तर दारातच. गाव मात्र लहान, त्यामुळे नव्याने येणाऱ्याला आपल्या पद्धतीने वस्ती उभारण्यास मोकळीक होती. काशीत बाजीराव अनेक प्रतिष्ठितांपैकी एक ठरला असता. येथे सारे गाव त्याच्याभोवती फिरू लागले.

१२/२०
एकांताची व्यवस्था तर कायद्यानेच झाली. बिठूरजवळची जमीन त्याला हयातीपुरती जहागीर म्हणून मिळाली आणि तिच्या हद्दीत कंपनीच्या न्यायालयांचा अधिकार चालत नसे. माजी राजाला सामान्य माणसासारखे कचेरीत उभे राहावे लागू नये, हा त्यामागील विचार. आज आपण ज्याला खाजगीपणा म्हणतो, त्याचा एकोणिसाव्या शतकातील दरबारी अर्थ हाच होता: आपल्या अंगणात दुसऱ्याचा शिपाई येऊ नये.

१३/२०
पण या अंगणाच्या कुंपणावर एक खुर्ची मांडलेली होती. कंपनीने बाजीरावासाठी स्वतंत्र कमिशनर नेमला. पहिला होता जॉन लो. पत्रव्यवहार, येणारे-जाणारे, घरातील कलह यांवर त्याचे लक्ष असे. तीर्थयात्रेला निघायचे तरी परवानगी लागे. न्यायालयापासून संरक्षण होते, पण देखरेखीपासून नव्हते. शिवाय कानपूरची मोठी लष्करी छावणी काही कोसांवरच होती.

१४/२०
तीच छावणी सोयींचा उगमही होती. कानपूरच्या बाजारपेठेत देशी-विलायती माल येई, गंगेतून नावांची वाहतूक चाले आणि पैशाची उलाढाल सुलभ होती. बाजीरावाने कंपनीच्या कर्जरोख्यांतही पैसा गुंतवला. अफगाण युद्धाच्या काळात कंपनीला त्याने पाच लाखांचे कर्ज दिल्याची नोंद जॉन के या इतिहासकाराने केली आहे. ज्यांनी राज्य घेतले, त्यांच्याच तिजोरीत त्याची बचत विसावली होती.

१५/२०
आता आपली माणसे. कंपनीने मोजक्या परिवारालाच मुभा दिली होती, पण पुण्यातील आश्रित येत राहिले आणि वस्ती कित्येक हजारांवर गेली. येवल्याचे पांडुरंगराव आले. त्यांचा मुलगा रामचंद्र म्हणजे पुढचा तात्या टोपे. कर्जतजवळच्या वेणगावातून माधवराव भट कुटुंबासह आले आणि त्यांचा मुलगा नाना बाजीरावाने १८२७ मध्ये दत्तक घेतला. चिमाजीअप्पाच्या निधनानंतर मोरोपंत तांबेही मुलीला घेऊन येथेच आले.

१६/२०
म्हणजे एकांत, माणसे आणि सोयी या तिन्ही बाबी ब्रह्मावर्तात बऱ्याच अंशी जुळल्या. प्रश्न होता तो या साऱ्याच्या पायाचा. सालिना आठ लाखांच्या तनख्यातून देवळांचे नैवेद्य, ब्राह्मणांच्या दक्षिणा, शिलेदारांचे पगार आणि विधवांची पोटगी चाले. बत्तीस वर्षांत ही रक्कम अडीच कोटींवर गेली. ते सारे उत्पन्न एका माणसाच्या श्वासावर अवलंबून होते.

१७/२०
बाजीरावाला हे कळत नव्हते असे नाही. १८३९ मध्ये त्याने मृत्युपत्र करून नानासाहेबाला वारस नेमले. परंतु २८ जानेवारी १८५१ रोजी तो वारला आणि डलहौसीने तनखा बंद केला. पेशव्याला भरपूर मिळाले आहे, त्याने २८ लाखांची मालमत्ता मागे ठेवली आहे, तेव्हा कुटुंबाचा हक्क उरत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. हजारो आश्रितांची जबाबदारी त्या हिशेबात धरलीच नव्हती.

१८/२०
कर्वीतही तेच घडले. अमृतरावानंतर विनायकराव आला, पण १८५३ मध्ये तोही गेला आणि तनखा थांबला. त्याच वर्षी नानासाहेबाचा वकील अझीमुल्ला खान दाद मागण्यासाठी लंडनला गेला आणि रिक्त हस्ते परतला. पन्नाशी-साठीत पोचलेल्या ज्या कारकुनाने, भिक्षुकाने, शिलेदाराने धन्यामागे आपलेही उत्तरायुष्य या गावांत बांधले होते, त्याला पुण्याकडे परतण्याचा मार्ग उरला नव्हता.

१९/२०
पुढची कथा परिचित आहे. १८५७ च्या जूनमध्ये कानपूर पेटले. शरण आलेले इंग्रज आणि त्यांची बायकामुले मारली गेली. प्रतिशोधाची लाट आली आणि जुलैत हॅवलॉकच्या सैन्याने बिठूरचा वाडा जाळला. १८५८ मध्ये जनरल व्हिटलॉकने कर्वीचा खजिना ताब्यात घेतला. त्या लुटीतील वाट्यावरून इंग्रजांतच वाद झाला आणि १८६६ मध्ये लंडनच्या न्यायालयात त्याचा निवाडा झाला. निवृत्तीसाठी वसवलेले वाडे तेथे केवळ ‘बांदा आणि कर्वीची लूट’ म्हणून नोंदले गेले.

२०/२०
याच धामधुमीत वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेत भटकत होते. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये परमुलखातील या मराठी वस्त्यांचे जिवंत दर्शन घडते. अवश्य वाचा. राहण्याची जागा निवडताना तिन्ही बंधूंनी क्षेत्र पाहिले, माणसे जमवली, सोयी साधल्या. मात्र त्यांचा आधार होता हयातीपुरता आणि त्यांच्या भरवशावर आलेल्या माणसांना त्यांच्यामागेही जगायचे होते. मुक्काम कुठे करावा याइतकाच, आपल्यामागे तो कोण चालवणार हा प्रश्नही इतिहासाने महत्त्वाचा ठरवला आहे. घरातील चर्चेत तोही मांडून पाहा.