चिंचवडच्या झाडांपासून पाटण्याच्या शहामृगापर्यंत

मी चिंचवडहून बोलतेय. चिंचा आणि वड यांवरून या गावाचं नाव पडलं, असं जुनी माणसं सांगतात. आता आजूबाजूला कंपन्यांच्या शेड, पण इथे कसली झाडं होती ते नावावरून कळतं. (गंमत म्हणजे चिंच मुळात आफ्रिकेची.) हजारो-लाखो वर्षांपूर्वीच्या रानाला मात्र नाव कोण देणार? तिथे नदीच्या गाळातली हाडं, शिंपले आणि फुलांचे परागकण बोलतात.

नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर आपल्याला पक्ष्यांमुळे माहीत आहे. तिथल्या गोदावरीच्या गाळात एका अवाढव्य हत्तीचे अवशेष मिळाले. पिलग्रिम या भूशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये त्यावर लिहिलं. नर्मदेच्या गाळात तर पाणघोड्याची हाडं आहेत! पाणघोडा दिवसभर डुंबणारा प्राणी, म्हणजे तेव्हा नदीत उन्हाळ्यातही पाणी असणार.

जळगाव जिल्ह्यातल्या पाटण्याची गोष्ट वेगळी. एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये तिथे उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडली. एका तुकड्यावर माणसाने रेघांची नक्षी कोरली होती. वय सुमारे २५,००० वर्षं. शहामृग मोकळ्या, कोरड्या गवताळ रानातला. तो हिमयुगाचा काळ; आपल्याकडे बर्फ नव्हतं, पण पावसाळा दुबळा होता.

दोन हिमयुगांमध्ये उबदार काळ येतो. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी तो इतका उबदार होता की आजच्या लंडनच्या जागी पाणघोडे राहत. सध्याचा उबदार काळ सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी सुरू झाला. आपली सगळी शेती याच काळातली.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतो, पण इथे एका हाडावर भागत नाही. पुरात हाड लांबून वाहत येतं. ते कुठल्या थरात होतं, सोबत काय होतं, हे सगळं जुळवावं लागतं.

म्हणून वाळूउपशाची मला धास्ती वाटते. आमच्या गटातल्या शिरूरकडच्या एका काकूंकडे दगडासारखं जड हाड आहे, वाळूच्या ट्रॅक्टरमधून आलेलं. कुठल्या खड्ड्यातलं, ते ड्रायव्हरलाही सांगता येईना. तुम्हाला नदीकाठी असं काही दिसलं तर उकरू नका, फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. काकूंचं हाड अजून तुळशीपाशीच आहे.