काळी कसदार, कास्तकार कर्जदार

‘लग्नात उडवलं, म्हणून बुडाला.’ हे निदान आमच्या बुलडाणा जिल्ह्यात घाटावरही ऐकू येतं आणि घाटाखालीही. पीककर्जाच्या फायली तपासण्यात माझी नोकरी गेली. तेव्हा ते साहेबांकडून ऐकलं, सावकाराकडून ऐकलं आणि खुद्द कास्तकाराच्या तोंडूनही ऐकलं, अर्थात शेजाऱ्याबद्दल.

दुसरं निदान जमिनीवरून होतं. घाटावर लोणार-सिंदखेडराजाकडे बरीच जमीन हलकी, म्हणून माणसं ऊसतोडीला जातात, इथवर ठीक. पण घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खोल काळी आहे. एवढ्या काळीत राहून गरिबी, म्हणजे माणूस आळशीच असणार! असं म्हणणाऱ्यानं तिथल्या विहिरीचं पाणी एकदा चाखावं. शेगाव-संग्रामपूरच्या खारपाण पट्ट्यात ते पिकालाही चालत नाही आणि पोटालाही.

तिसरं निदान सुशिक्षितांचं: हा भाग मागास, इथे बाजार आणि भांडवल पोचलंच नाही. माझा खरा वाद आहे तो याच्याशी. बाजार इथे फार लवकर आला आणि कर्ज त्याच्या हाताला धरूनच आलं.

मुळात अख्खं वऱ्हाडच एका थकबाकीपायी हातबदल झालेलं आहे. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची बाकी निजामाकडे तुंबली, तेव्हा कंपनी सरकारनं १८५३ च्या तहानं हा मुलुख कारभाराला घेतला. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्यानंच गेला. सावकारी गहाणखत पाहिलेल्या माणसाला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. निजामानं मुलीच्या लग्नात उडवलं, असं मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिथली रुई अडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आली. त्याच दशकात मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांना रेल्वे लागली. १८७० साली जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा खास कापसासाठी टाकला गेला आणि उद्‌घाटनाला साक्षात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेनं इंग्लंडशी जोडली गेली. म्हणजे लिव्हरपूलचा भाव खामगावच्या अडत्याला कळू लागला. कास्तकाराला तो कळला, पण अडत्या सांगेल तेव्हा आणि सांगेल तेवढाच.

यादवी संपली आणि भाव कोसळले. सारा मात्र रोखीत आणि ठरल्या हप्त्याला भरायचा होता. मोजणी होऊन जमीन खातेदाराच्या नावावर चढली होती, ती विकता येत होती, गहाण ठेवता येत होती. त्यामुळे सावकाराला तारण मिळालं. पूर्वी तो पिकावर डोळा ठेवून असे, आता वावरावर ठेवू लागला. पेरणीला उचल, वेचणी झाली की माल त्याच्याच दारात, त्याच्याच भावानं.

बाजारातली गाडी डोळ्यांपुढे आणा. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत, माल ज्याचा तो बाजूला उभा. मग कडता, तोलाई, हमाली. त्यावर धर्मादाय, म्हणजे पुण्यसुद्धा व्यापाऱ्याच्या नावावर आणि कास्तकाराच्या पैशानं. ही लूट इतकी उघड होती की १८८६ मध्ये कारंज्याला देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार निघाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. कायदा चांगला, पण बाजार समित्यांवर वरचष्मा व्यापाऱ्यांचाच.

तोवर पऱ्हाटीनं ज्वारीची जागा घ्यायला सुरुवात केली होती. ज्वारी पेवात साठवायची, अवर्षणाला पेव उघडायचं, ही जुनी सोय होती. जी रेल्वे रुई घेऊन जाई तीच भाव चढला की धान्यही घेऊन जाई. १८९६-९७ ला महागाईनं मजुरांना मारलं, १८९९-१९०० ला तर पीकच गेलं. कापूस पिकवणाऱ्या मुलखात माणसं खडी फोडायला सरकारी कामावर रांगेत उभी राहिली. वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांचा संबंध लक्ष्मण सत्या यांनी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात तपशिलानं मांडला आहे. तो वाचून मला धक्का बसला नाही. फायलींमध्ये हेच, फक्त लहान आकड्यांत पाहिलं होतं.

आणि लग्नाचं काय? १८७५ मध्ये पुणे आणि नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यावर सरकारनं आयोग नेमला. आयोग इंग्रजांचा, शेतकऱ्याची बाजू घ्यायचं त्याला काही कारण नव्हतं. तरी त्यानं नोंदवलं की कर्जाचं कारण म्हणून लग्नकार्याला अवास्तव महत्त्व दिलं गेलं आहे. असा खर्च क्वचितच येतो आणि वर्षानुवर्षांच्या हिशेबात तो फार नाही. दीडशे वर्षं होत आली, पण हा निष्कर्ष काही आमच्या पारापर्यंत पोचला नाही.

त्याचं कारण मला फायलींतच दिसलं. लग्नाला मांडव असतो, बँड असतो, गावजेवण असतं. तो खर्च साऱ्या गावाला दिसतो. जून महिन्यात पाऊस दडी मारतो, पेरलेलं बियाणं जळतं आणि दुबार पेरणीसाठी रात्री उधारी आणावी लागते, तिची पत्रिका कुणी वाटत नाही. फवारणीची, दवाखान्याची उसनवारीही अशीच. २००६ मध्ये केंद्र सरकारनं विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं, त्यात बुलडाणा होता. तेव्हाही चर्चा दारूची आणि लग्नाचीच जास्त झाली. घेतलेल्या कर्जाचा महिना कोणता, हे कुणी विचारत नव्हतं. विचारलं असतं तर माझ्या टेबलावरच्या बहुतेक कागदांवर जून-जुलैच निघाला असता, आणि आमच्याकडे आषाढी एकादशीनंतर लग्नं लागत नाहीत.