चित्र धूसर का होतं?

चालू व्हिडिओ मध्येच धूसर झाला की आपण म्हणतो, ‘नेट गंडलं.’ खरं तर ती मुद्दाम केलेली तडजोड असते. तिचा इतिहास आज पाहू.

१९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठ आणि शेजारची लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. त्यावर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला: पॅकेट हरवलं की वाटेत गर्दी आहे असं समजा आणि वेग कमी करा. तारेवर हे छान चाललं. वायरलेसवर मात्र गर्दी नसतानाही, नुसत्या भिंतीच्या आडोशानंही पॅकेट हरवू शकतं. मग वेग उगाच घटतो आणि व्हिडिओ अडतो.

यातून वाट निघाली ती व्हिडिओच्या बाजूनं. ॲपलचं एचएलएस (२००९) आणि डॅश हे मानक (२०१२) यांत व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करतात. प्रत्येक तुकडा अनेक दर्जांत तयार असतो. कोणता मागवायचा, हे आपला फोन ठरवतो.

मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीत, नेटवर्कवरचा ताण कमी व्हावा म्हणून भारतातल्या कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवरचा दर्जा ४८०पीवर आणला. म्हणजे धूसर चित्र हा बिघाड नव्हे. सगळ्यांना थोडंथोडं मिळावं, यासाठी आपण मोजलेली ती किंमत आहे.