समुपदेशनाचा तास नक्की कुणासाठी?

‘पुढे काय करायचं?’ हे शाळेने तुम्हाला कधी विचारलं? बहुतेकांना थेट दहावीत, हो ना?

आता चला १९०७ सालात, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात. ग्रँड रॅपिड्सच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक जेसी डेव्हिस यांनी इंग्रजीच्या शिक्षकांना सांगितलं, की आठवड्यातून एकदा मुलांना स्वतःबद्दल, आवडीच्या कामाबद्दल विचार करायला लावा, लिहू द्या. म्हणजे मार्गदर्शन वेळापत्रकातच शिरलं. वर्गात बसलेल्या प्रत्येकासाठी!

मग ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका हादरली. १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा आला. शाळांतल्या चाचण्या आणि समुपदेशकांचं प्रशिक्षण यांना सरकारी पैसा मिळाला. समुपदेशक वाढले, पण रोख होता हुशार मुलं हेरण्यावर.

गंमत बघा, पैसा आला आणि प्रश्नच बदलला. आधी प्रश्न होता, या मुलाला काय व्हायचंय? आता झाला, देशाला कोण हवंय?

तुमच्या शाळेत समुपदेशक असतील, तर एवढंच बघा: शेवटच्या बाकावरच्या मुलालाही त्यांच्याशी बोलायला वेळ मिळतो का?