करार संपल्यावर खेळाडू कोणाचा?

उत्तर इंग्लंडातील न्यूकॅसल शहराच्या फुटबॉल क्लबात जॉर्ज ईस्टहॅम नावाचा एक सडपातळ, चपळ खेळाडू होता. १९६० च्या उन्हाळ्यात त्याचा क्लबाशी असलेला करार संपला आणि नवा करार करण्यास त्याने नकार दिला. साध्या व्यवहारबुद्धीप्रमाणे गोष्ट येथेच संपावयास हवी होती. भाडेपट्ट्याची मुदत संपली की भाडेकरू मोकळा होतो. एका गिरणीतील काम सुटले की कामगार दुसऱ्या गिरणीचे दार ठोठावतो. ईस्टहॅमला मात्र असे ऐकावे लागले की, करार संपला असला तरी तो क्लबाचाच आहे. क्लबाने मोकळे केल्यावाचून त्याला दुसरीकडे खेळता येणार नव्हते, आणि मोकळे करण्याची क्लबाची इच्छा नव्हती. त्या वेळी तो अवघा तेवीस वर्षांचा होता.

खेळाडूंच्या वेतनाचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा नाक मुरडले जाते. आमच्या भिलाई-दुर्गच्या बोरसीत संध्याकाळी वर्तमानपत्र हातात घेऊन बसणारी मराठी मंडळीही याला अपवाद नाहीत. ‘चेंडू लाथाडण्याचे एवढे पैसे कशाला?’ हा प्रश्न ठरलेला. प्रश्न चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. खेळाडूला किती मिळावे, ही एक. आणि मिळते ते पटत नसेल तर त्याला उठून जाता यावे की नाही, ही दुसरी. फुटबॉलच्या इतिहासातील मोठे तंटे वरवर पाहता पहिल्या गोष्टीवरून झाले. खरा झगडा दुसरीचा होता.

इंग्लंडमध्ये १८८५ साली धंदेवाईक फुटबॉलला रीतसर मान्यता मिळाली. तोवर पैसे दिले जात नव्हते असे नाही. ते चोरून दिले जात. मान्यता मिळाल्यावर क्लबांना दोन प्रकारची भीती वाटू लागली. श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू उचलून नेतील ही एक, आणि खेळाडूंच्या मागण्या वाढत जातील ही दुसरी. पहिल्या भीतीवर १८९३ पासून राखून ठेवण्याची पद्धत हा उपाय निघाला. हंगाम संपला की प्रत्येक क्लब आपल्याला हव्या असलेल्या खेळाडूंची यादी करी. त्या यादीत ज्याचे नाव, तो त्या क्लबाचा. मग करार चालू असो वा नसो. त्याला दुसऱ्या क्लबात जायचे असेल तर त्या क्लबाने बदलीची रक्कम मोजावी, आणि ती किती हे जुन्या क्लबाने ठरवावे. दुसऱ्या भीतीवर १९०१ मध्ये उपाय झाला. आठवड्याला चार पौंडांहून अधिक वेतन कोणत्याही खेळाडूला देऊ नये असा नियम करण्यात आला. एकदा ही दोन्ही दारे बंद झाल्यावर खेळाडूला भांडण्यासारखे हातात काही उरले नाही. वेतन थोडे म्हणून दुसरीकडे जावे तर क्लब सोडत नाही. आणि सोडले तरी तिकडेही तेवढेच वेतन.

या नियमांना आव्हान देणारा पहिला मोठा खेळाडू म्हणजे वेल्समधील कोळशाच्या खाणीतून मैदानावर आलेला बिली मेरेडिथ. तो आणि त्याचे मँचेस्टर युनायटेडमधील सहकारी यांनी खेळाडूंचा संघ स्थापन करण्यात पुढाकार घेतला. फुटबॉलच्या चालकांनी १९०९ साली फर्मावले की, संघाचे सभासदत्व सोडा, नाहीतर खेळू दिले जाणार नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मँचेस्टर युनायटेडने एफ. ए. कप जिंकला होता. काही महिन्यांत तेच खेळाडू बहिष्कृत झाले. त्यांनी ‘बहिष्कृत फुटबॉल क्लब’ अशी पाटी लिहिली, ती पुढे ठेवून छायाचित्र काढवून घेतले आणि स्वतःचा सराव चालू ठेवला. नवा हंगाम तोंडावर येताच चालकांना तडजोड करावी लागली. संघ टिकला; नियम मात्र जागच्या जागी राहिले. १९१२ मध्ये हर्बर्ट किंगबी या खेळाडूने अ‍ॅस्टन व्हिला क्लबाविरुद्ध न्यायालयात दावा लावला. तो हरला आणि त्या खर्चाखाली खेळाडूंचा संघ जवळजवळ बुडाला. त्यानंतर अर्धे शतक न्यायालयाची पायरी चढण्याचे धाडस फारसे कोणी केले नाही.

वेतनाची कमाल मर्यादा मधूनमधून वाढत गेली. १९५८ साली ती हंगामात आठवड्याला वीस पौंड आणि हंगामाबाहेर सतरा पौंड इतकी होती. मैदाने भरत होती आणि तिकिटांचे उत्पन्न क्लबांकडे जात होते. इंग्लंडच्या संघातील नील फ्रँकलिन १९५० साली हा सगळा व्याप सोडून थेट दक्षिण अमेरिकेतील बोगोटा शहरी गेला. तिथला फुटबॉलसंघ त्या वेळी आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बाहेर असल्याने बदलीचे नियम तेथे लागू नव्हते. त्याचा तेथे जम बसला नाही. परतल्यावर त्याला खेळण्यास बंदी झाली आणि इंग्लंडच्या संघात त्याला पुन्हा कधी घेतले गेले नाही. पळून जाणाऱ्याचे काय होते याचा धडा सगळ्यांनी पाहिला.

ईस्टहॅमने पळून न जाता भांडावयाचे ठरविले. त्याच्या तक्रारी ऐकल्या तर हसू यावे इतक्या घरगुती होत्या: क्लबाने दिलेले घर राहण्यायोग्य नव्हते, जोडधंदा देण्याचे वचन पाळले गेले नव्हते. क्लबाने हट्ट सोडला नाही, तेव्हा त्याने दक्षिणेत गिल्डफर्ड येथे एका परिचिताच्या धंद्यात बुचाच्या लाकडाचा माल विकण्याची नोकरी धरली. चांगला खेळाडू हंगामाच्या ऐन दिवसांत बुचे विकतो आहे, ही बातमी क्लबालाही फारशी शोभणारी नव्हती. अखेर ऑक्टोबरमध्ये आर्सेनलने ४७,५०० पौंड मोजले आणि न्यूकॅसलने त्याला सोडले.

येथे दुसरा कोणी असता तर हात झटकून मोकळा झाला असता. त्याला हवा तो क्लब मिळाला होता. परंतु खेळाडूंच्या संघाने त्याला दावा पुढे चालविण्यास सांगितले आणि तो तयार झाला. त्याच सुमारास संघाचा अध्यक्ष, फुलहॅमचा खेळाडू जिमी हिल, याने वेतनमर्यादेविरुद्ध संपाची तयारी केली होती. संप तीनच दिवसांवर असताना, १८ जानेवारी १९६१ रोजी, क्लबांनी वीस पौंडांची मर्यादा उठविली. फुलहॅम क्लबाचा अध्यक्ष टॉमी ट्रिंडर हा व्यवसायाने विनोदी नट. नियम नसता तर आपण आपल्या जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड दिले असते, असे तो खुशाल बोलून गेला होता. नियम उठला आणि विनोद अंगाशी आला. हेन्सला खरोखरच शंभर पौंड मिळू लागले.

मर्यादा उठली तरी बेडी शिल्लक होतीच. तिचा निकाल जुलै १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी दिला. राखून ठेवण्याची आणि बदलीच्या रकमेची पद्धत एकत्र पाहता ती माणसाच्या व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन ठरते, असे त्यांनी म्हटले. स्वतः ईस्टहॅमला पैशाच्या रूपाने मात्र काही मिळाले नाही. बुडालेल्या वेतनाची त्याची मागणी फेटाळली गेली. मला हा निकाल त्यामुळेच अधिक मोलाचा वाटतो. ज्या माणसाची अडचण तीन वर्षांपूर्वीच सुटली होती, त्याच्या नावावर तो लागला आणि त्याचा लाभ पुढच्यांनी घेतला.

आता आपल्याकडे वळू. आपल्या फुटबॉलमध्ये असा तंटा त्या काळी का झाला नाही? खेळाडू समाधानी होते म्हणून नव्हे. भांडावयास कागदच नव्हता. ऑलिंपिकचा आग्रह हौशी खेळाडूंचा. खेळण्याबद्दल वेतन घेतले की माणूस अपात्र. मग वेतनाला नोकरीचे रूप देण्यात आले. मुंबईच्या कूपरेज मैदानावर १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलिसांनी जिंकला. त्यांचे खेळाडू पोलिसांच्या हजेरीपटावर होते. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर एकामागून एक तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईला टाटांच्या संघातून खेळे. रेल्वे, बँका, बंदर, गिरण्या, आणि पुढे आमच्या भिलाईसारखे पोलाद कारखाने, सर्वत्र हाच प्रघात पडला.

या पद्धतीची निंदा करणे सोपे आहे आणि ती मी करणार नाही. गुडघा गेला तरी चूल बंद पडत नसे. पस्तिशीत मैदान सुटले तरी साठीपर्यंत पगार मिळे. इंग्लंडमधल्या वीस पौंडवाल्याला एवढी निश्चिंती नव्हती. पण तिची किंमतही होती. ज्याच्याशी करारच नाही, तो कराराचा भंग झाला म्हणून कोणाकडे जाणार? संघ बदलावा तर नोकरी, राहते घर, मुलांची शाळा सारेच बदलावयाचे. राखून ठेवण्याची यादी आपल्याकडे कोणी लिहिली नाही. ती प्रत्येक खेळाडूच्या संसारातच लिहिलेली होती.

आपल्या देशात खेळाडूने आपली किंमत उघडपणे विचारल्याचा त्या काळातला गाजलेला प्रसंग घडला तो क्रिकेटमध्ये, मुंबईच्या मैदानांवर नाव मिळवलेल्या विनू मंकडच्या बाबतीत. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. त्या सामन्यात इंग्लंडचे बारा गडी मंकडने टिपले होते. त्याच उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडला जाणार होता. मंकडपुढे लँकेशायरमधील हॅसलिंग्डन क्लबाचा करार आला. पैसे देशाच्या संघातून मिळणाऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक. मंकडने नियामक मंडळाला विचारले: दौऱ्यासाठी माझी निवड निश्चित समजू का? तसे असेल तर मी क्लबाला नकार कळवितो. मंडळाने हमी देण्याचे नाकारले. एका खेळाडूला आगाऊ वचन दिले तर उद्या सारेच मागतील, हा विचार त्यामागे असावा. आणि विचार म्हणून तो अगदीच पोकळ नव्हता. पण मंकडला दोनपैकी एक दार निवडावयाचे होते आणि एकावर कुलूप होते. तो हॅसलिंग्डनला गेला.

जूनमध्ये लीड्सचा पहिला कसोटी सामना झाला. पहिल्या डावात विसाव्या वर्षी विजय मांजरेकरने शतक ठोकले, सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी कर्णधाराला साजेशा ८९ धावा केल्या. दुसऱ्या डावात मात्र फलकावर एकही धाव लागण्यापूर्वी चार गडी बाद झाले: पंकज रॉय, दत्ताजी गायकवाड, माधव मंत्री आणि तोच मांजरेकर. शून्यावर चार ही नोंद आजही वाचताना अंगावर काटा येतो. मग मंडळाला मंकडची आठवण झाली. ज्याला हमी नाकारली, त्याच्यासाठी हॅसलिंग्डनकडे विनंती करण्याची पाळी आली. क्लबाने त्याला सोडले. लॉर्ड्सवर त्याने ७२ आणि १८४ धावा केल्या आणि दोन्ही डाव मिळून ९७ षटके गोलंदाजी टाकली. भारत आठ गड्यांनी हरला. तरीही तो सामना मंकडचा म्हणूनच ओळखला जातो. एक बारकावा येथे नजरेआड होऊ नये. मंकडने अधिक पैसे मागितलेच नव्हते. त्याने एका शब्दाचे उत्तर मागितले होते.

फुटबॉलकडे परत येऊ. युरोपात बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोस्मानने ईस्टहॅमचाच प्रश्न पुन्हा विचारला. १९९० साली त्याचा करार संपला होता, तरी त्याचा क्लब लिएज बदलीच्या रकमेवाचून त्याला सोडीना. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने ठरविले की, मुदत संपल्यावर युरोपीय संघातील देशांत जाणाऱ्या खेळाडूसाठी अशी रक्कम मागता येणार नाही. आज दूरदर्शनच्या पडद्यावर जे कोट्यवधींचे आकडे झळकतात, त्यांचे एक मूळ या निकालात आहे. बोस्मानला स्वतःला मात्र पुढे हलाखीचे दिवस पाहावे लागले.

भारतात १९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि नोकरीऐवजी कराराचे दिवस आले. कागद आला तसे कागदावरचे तंटेही आले. २००९ मध्ये बायचुंग भुतिया मोहन बागान सोडून ईस्ट बंगालकडे निघाला तेव्हा त्याचा करार संपला आहे की चालू आहे, यावरच दोन्ही पक्षांचे एकमत नव्हते. २०२४ मध्ये अन्वर अली याने त्याच दोन क्लबांच्या वाटेवरून जाण्याचे ठरविले. तेव्हा महासंघाच्या समितीने चार महिन्यांची बंदी आणि १२ कोटी ९० लाख रुपयांची भरपाई ठोठावली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि तो आदेश मागे घेऊन फेरसुनावणीचा मार्ग धरावा लागला. ईस्टहॅमच्या काळी क्लबाचा शब्द अखेरचा होता. आता समिती, वकील, न्यायालय अशी पायऱ्यांची चढण आहे. ती महागडी असली तरी चढता येते, आणि चढणारा हंगामाबाहेर फेकला जातोच असे नाही.

मात्र या चढणीचा उपयोग वेतन देणाऱ्याजवळ पैसे आहेत तोपर्यंतच. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली होती. तरी २०१० साली त्या कंपनीने आपला संघ मोडला. ऑगस्ट २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगच्या भवितव्याचाच पत्ता नव्हता. तेव्हा बेंगळुरूच्या क्लबाने आपल्या पहिल्या संघातील खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबविले. त्या सर्वांच्या हाती सह्या झालेले, मुदतीतले करार होते. देशासाठी सर्वाधिक गोल करणारा सुनील छेत्री हा त्याच संघाचा.